शेजाऱ्याचा पूर्वेतिहास आणि सार्वजनिक दप्तर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण आहे. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. सभोवार कालव्यांच्या पाण्यावर पिकणारी भातशेती, गावात पालैवननाथराचे प्राचीन मंदिर आणि त्या मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे भव्य धान्यकोठार, अशी या गावाची ओळख सांगता येईल. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव वाग्गेयकार पापनाशम शिवन (१८९०-१९७३) यांच्यामुळे परिचित आहे.

अशा गावात शेजारी कोण आहे, हा प्रश्न एके काळी सहसा पडत नसे. शेजाऱ्याचा बाप, आजा, त्याची शेती, त्याचे कर्ज आणि त्याची भांडणे ही सर्वांना ठाऊक असत. आता नोकरी, व्यापार आणि शिक्षण यांच्या निमित्ताने माणसे गावोगाव हिंडतात. घरे भाड्याने दिली-घेतली जातात. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची फारशी माहिती नसते. समजा, पापनाशममधील एखाद्या वृद्ध दांपत्याच्या शेजारी परगावचा एक इसम राहावयास आला. काही दिवसांत गल्लीत कुजबुज सुरू झाली की, तो तुरुंगात जाऊन आला आहे. कोणी म्हणतो चोरी, कोणी म्हणतो मारामारी, कोणी त्याहूनही भयंकर काही सांगतो. नातवंडे अंगणात खेळत असल्यामुळे त्या दांपत्याला भीती वाटणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूस, ती कुजबुज खोटी असेल तर एका निरपराध माणसाला त्या गल्लीत राहणे अशक्य होईल.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. खरे काय ते कळण्याचा कायदेशीर मार्ग कोणता? आणि जे कळेल त्याचा अर्थ कसा लावावयाचा? या दोहोंपैकी दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. सार्वजनिक दप्तर हे खटल्यांचे दप्तर असते, माणसांचे नव्हे. हा भेद न ओळखता केलेला शोध कुजबुजीपेक्षाही अधिक हानी करू शकतो.

दप्तराची पूर्वपीठिका

तंजावरला कागद जपण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी येथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी यांच्या निधनानंतर राज्यही संपुष्टात आले. या काळातील मोडी कागदांचा प्रचंड संग्रह तंजावरास राहिला असून राजवाड्याच्या जमाखर्चापासून प्रजेच्या तंट्यांपर्यंत अनेक गोष्टींची माहिती त्यातून मिळते. तथापि, सामान्य गावकऱ्याच्या चांगल्या-वाईट वर्तनाची नोंद राजाच्या दप्तरात नसे. ती गावाच्या स्मरणात असे.

गावाचे रक्षण करण्याचे काम तमिळ प्रदेशात ‘कावलकार’ करीत. महाराष्ट्रात रामोशी किंवा जागले यांचे जे स्थान होते, तेच त्यांचे होते. पिकातील ठरावीक वाटा घेऊन ते पहारा देत आणि चोरी झाल्यास माल शोधून देण्याची अथवा भरपाई करण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. कोण विश्वासू आणि कोण नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. इंग्रजी अंमलात ही व्यवस्था मोडली. १८५९ च्या कायद्याने मद्रास इलाख्यात पगारी पोलीस दल उभे राहिले आणि मनुष्याच्या वर्तनाची स्मृती ठाण्यातील वहीत जाऊन बसली.

या बदलाचे अत्यंत अनिष्ट रूप ‘गुन्हेगार जमाती कायद्या’त प्रकट झाले. हा कायदा प्रथम १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मद्रास इलाखाही त्याच्या कक्षेत आला. एखादी व्यक्ती काय करते याचा विचार न करता ती कोणत्या जमातीत जन्मली एवढ्यावरून तिची नोंद ‘गुन्हेगार’ म्हणून होऊ लागली. नोंद झालेल्यांचे हाताचे ठसे घेतले जात आणि त्यांच्यावर हजेरीची सक्ती असे. म्हणून तमिळ लोकांनी या कायद्याला ‘रेगै सट्टम’, म्हणजे हाताच्या ठशांचा कायदा, असे नाव दिले. मदुराई भागातील पेरुंगामनल्लूर येथे ३ एप्रिल १९२० रोजी पिरमलै कळ्ळर समाजाच्या लोकांनी या नोंदणीस विरोध केला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई इलाख्यात सोलापूर येथे अशा जमातींसाठी काटेरी तारांची मोठी वसाहत होती, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे.

मद्रास प्रांताने हा कायदा १९४७ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला आणि विमुक्त जमाती तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. परंतु वहीतून नाव निघाले तरी लोकांच्या मनातून ते निघावयास फार काळ लागतो. विमुक्त जमातींतील माणसांना सराईत गुन्हेगार मानण्याच्या तुरुंग-नियमांतील वृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही कठोर निर्णय द्यावा लागला. शेजाऱ्याच्या पूर्वेतिहासाचा शोध घेणाऱ्याने हा इतिहास विसरून चालणार नाही. कारण ‘त्या जातीचा म्हणजे तसाच असणार’ हा पुरावा नसून त्या जुन्या वहीचा अवशेष आहे.

उघडे दप्तर आणि बंद दप्तर

आज भारतात गुन्ह्यांविषयीची माहिती अनेक ठिकाणी साठविली जाते. पण ती सर्वच सर्वांना खुली नाही. यांपैकी बंद दप्तरांचा विचार प्रथम करू.

पोलीस ठाण्यात ज्यांच्यावर नजर ठेवावयाची अशा व्यक्तींचे स्वतंत्र कागद ठेवले जातात. त्यांना ‘हिस्टरी शीट’ म्हणतात. पाळतीची नोंदवही गोपनीय असून केवळ वाजवी कारण असेल तरच तीत नाव घालावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मलकसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९८० मध्ये सांगितले. दिल्लीतील एका प्रकरणात मे २०२४ मध्ये न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले की, हिस्टरी शीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, जाहीर करण्याचा नव्हे. आणि तीत अल्पवयीन मुलांचा तपशील येता कामा नये. यास्तव ठाण्यात जाऊन ‘अमुक इसमाचे नाव तुमच्या वहीत आहे काय?’ असे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. ओळखीच्या हवालदाराकडून चोरून मिळविलेली अशी माहिती बेकायदेशीर तर असतेच, शिवाय ती केवळ संशयावर आधारलेली असू शकते.

देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना २००९ मध्ये मंजूर झाली. तिच्याद्वारे एका ठाण्याची माहिती दुसऱ्या ठाण्यास मिळते; परंतु नागरिकाला नाव घालून शोध घेता येईल अशी ही व्यवस्था नाही. लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय सूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तीही केवळ तपासयंत्रणांसाठीच आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली तपासास बाधा आणणारी माहिती नाकारता येते. व्यक्तिगत माहितीविषयीचा त्यातील अपवाद तर २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अधिक व्यापक केला असून ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. सारांश, भारतात शिक्षा झालेल्या माणसांची सर्वांना पाहता येईल अशी एकत्रित सूची नाही.

उघड्या दप्तरात पहिले स्थान प्रथम खबरीचे आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यात नोंदविली जाते, तिलाच सामान्यतः एफ.आय.आर. असे म्हणतात. युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, प्रथम खबर चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी; दुर्गम भागात ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढविता येते. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील अत्याचार अशा नाजूक प्रकरणांतील खबरी यातून वगळल्या आहेत. तामिळनाडू पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणे, वर्ष आणि गुन्ह्याचा क्रमांक यांच्या आधारे अशी खबर पाहता येते.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे दप्तर न्यायालयाचे. फौजदारी न्यायालय हे खुले न्यायालय असते. जागा असेपर्यंत कोणीही तेथे जाऊन बसू शकतो. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने उघड सुनावणीचे महत्त्व मान्य केले आणि न्यायाच्या हितासाठी क्वचित तिला मर्यादा घालता येते हेही सांगितले. जे उघड्यावर चालते त्याचा निकालही उघडा असतो, हे या पद्धतीचे तत्त्व आहे.

तिसरे दप्तर निवडणुकीचे. पापनाशम हा विधानसभेचा मतदारसंघ आहे आणि शेजारी जर तेथे उमेदवार म्हणून उभा राहिला, तर परिस्थिती एकदम पालटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील प्रलंबित खटले व शिक्षा शपथपत्रात नमूद कराव्या लागतात. २०१८ च्या निर्णयाने ही माहिती वृत्तपत्रांत प्रसिद्ध करणे आवश्यक ठरले आणि २०२० मध्ये पक्षांवरही असे बंधन आले की, गुन्ह्याचा आरोप असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे त्यांनी जाहीर करावीत. जो सत्ता मागतो त्याने आपला पूर्वेतिहास स्वतःहून सांगावा, असा हा न्याय आहे. जो केवळ शेजारी राहू इच्छितो, त्याच्यावर असे बंधन नाही.

न्यायालयाच्या दप्तरापर्यंतची वाट

पापनाशम येथे दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. गंभीर गुन्ह्यांचे खटले तेथून जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडे सोपविले जातात, आणि २००४ पासून तंजावर जिल्ह्यातील अपिले मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठापुढे चालतात. शोध घेणाऱ्याला या पायऱ्यांची माहिती हवी. कारण खालच्या पायरीवरील निकाल वरच्या पायरीवर बदलू शकतो.

न्यायालयांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. ‘ई-कोर्ट्स’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. त्यासाठी नावाची किमान तीन अक्षरे आणि खटल्याचे वर्ष द्यावे लागते. खटला प्रलंबित आहे की निकाली निघाला, हेही निवडावे लागते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो हाती आला म्हणजे पुढील तारखा, आदेश व निकाल पाहणे सोपे जाते. या सेवेसाठी शुल्क नाही आणि कारणही सांगावे लागत नाही.

परंतु या सोयीच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. शोध एका वेळी एका न्यायालयापुरताच असतो. शेजारी आधी कोठे राहत होता हे ठाऊक नसेल तर शोधाला दिशा मिळत नाही. संगणकीकरणापूर्वीचे खटले बहुधा त्यात सापडत नाहीत. शोधात काही न सापडणे म्हणजे काही न घडणे, असे समजता येत नाही.

तमिळनाडूतील न्यायालयांत खटल्यांना जी संक्षिप्त नावे दिलेली असतात, ती समजून घेणे उपयुक्त ठरेल. ‘सी.सी.’ म्हणजे दंडाधिकाऱ्यापुढील नियमित खटला. ‘एस.टी.सी.’ म्हणजे संक्षिप्त चौकशीचा किरकोळ खटला. त्यात वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचा दंडही येऊ शकतो. ‘पी.आर.सी.’ म्हणजे सत्र न्यायालयाकडे सोपविण्यापूर्वीची प्राथमिक नोंद आणि ‘एस.सी.’ म्हणजे सत्र न्यायालयातील खटला. केवळ संख्या मोजून ‘याच्यावर चार खटले आहेत’ असे म्हणणारा मनुष्य कित्येकदा एकाच प्रकरणाच्या दोन नोंदी आणि दुचाकीचे दोन दंड मोजीत असतो.

निकालाची प्रमाणित नक्कल हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे अर्ज करावा लागतो. खटल्याशी संबंध नसलेल्या त्रयस्थाला अर्जात कारण द्यावे लागते आणि परवानगी न्यायालय देते. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली या नकला मागता येत नाहीत, त्या न्यायालयाच्या नियमांनुसारच मागितल्या पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी दिला.

ज्याला घर भाड्याने द्यावयाचे आहे किंवा घरकामाला माणूस ठेवावयाचा आहे, त्याच्यासाठी आणखी एक सरळ मार्ग आहे. तामिळनाडू पोलिसांकडे भाडेकरू, घरगुती नोकर किंवा नोकरीसाठीचा उमेदवार यांच्या पडताळणीसाठी अर्ज करता येतो. येथे चौकशी उघडपणे होते. केवळ कुतूहल असलेल्या शेजाऱ्याला मात्र हा मार्ग उपलब्ध नाही, आणि ते योग्यच आहे.

नावांचा घोटाळा

तामिळनाडूत पापनाशम नावाची दोन प्रसिद्ध स्थळे आहेत. एक तंजावर जिल्ह्यातील हे गाव आणि दुसरे तिरुनेलवेली जिल्ह्यातील ताम्रपर्णीच्या काठचे, जेथे धरण आहे. पहिल्याची चौकशी करणारा दुसऱ्याकडे जाऊन पोहोचला तर नवल नाही. जे गावांचे तेच माणसांचे.

मराठी माणसाचे नाव स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन भागांचे असते. तमिळ नावात बहुधा आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढेच असते. त्यामुळे ‘एस. मुरुगन’ किंवा ‘आर. सेल्वम’ या नावाची माणसे एका तालुक्यातच कितीतरी सापडतील. एकच तमिळ नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते आणि संगणक त्यांना भिन्न माणसे समजतो. पोलिसांच्या कागदांत नाव आणि टोपणनाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे कधी टोपणनाव पुढे येते आणि मूळ नाव मागे राहते.

म्हणून केवळ नाव जुळले एवढ्यावरून निष्कर्ष काढणे ही या शोधातील सर्वांत मोठी चूक होय. वडिलांचे पूर्ण नाव, वय आणि त्या काळातील पत्ता या तीन गोष्टी निकालपत्रात किंवा खबरीत दिलेल्या असतात. त्या तिन्ही जुळल्याखेरीज नोंद त्याच माणसाची आहे असे मानू नये. दोन जुळल्या आणि एक जुळली नाही, तर शंकेचा फायदा शेजाऱ्याला द्यावा.

नोंद कशी वाचावी

नोंद त्याच माणसाची आहे असे ठरले तरी ती काय सांगते हे पाहावे लागते. प्रथम खबर म्हणजे कोणीतरी केलेला आरोप. शेताच्या बांधावरून भांडण झाले की दोन्ही पक्ष ठाण्यात जातात आणि पुष्कळदा एकाच दिवशी परस्परांविरुद्ध दोन खबरी नोंदविल्या जातात. पोलिसांनी तपास करून प्रकरण पुढे न चालविण्याचे ठरविले तर तसा अहवाल न्यायालयात जातो. तामिळनाडूत त्यावर ‘मिस्टेक ऑफ फॅक्ट’, म्हणजे वस्तुस्थितीविषयीची गैरसमजूत, असा शेरा आढळतो. खबर संकेतस्थळावर राहते. तो शेरा मात्र ती वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही.

अटक म्हणजेही अपराध नव्हे आणि आरोपपत्र म्हणजेही नव्हे. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे लिहून घेतलेले बंधपत्र हाही शिक्षेचा पुरावा नाही. खटल्याचा शेवट अनेक प्रकारे होतो. दोष सिद्ध होतो, निर्दोष सुटका होते, आरोपनिश्चितीपूर्वीच आरोपी मुक्त होतो, पक्षांत कायदेशीर तडजोड होते किंवा उच्च न्यायालय संपूर्ण कार्यवाहीच रद्द करते. ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ हे शब्द वाचून पुष्कळ लोक ‘म्हणजे केले असणारच’ असे म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने अशा सुटकेनंतरही तो मनुष्य निरपराध असतो.

शिक्षा झालेली असली तरी तेथे विचार थांबत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. बालवयात घडलेल्या अपराधाबाबत २०१५ चा बाल न्याय कायदा आणखी पुढे जातो. ठरावीक मुदतीनंतर, काही गंभीर अपवाद सोडून, अशा मुलाचे दप्तर नष्ट करावे. त्याची ओळख प्रसिद्ध करू नये. आणि प्रकरण मिटल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी ते उघड करू नये, असे हा कायदा सांगतो. चौदाव्या वर्षी सायकल चोरणारा मुलगा चाळिसाव्या वर्षी शेजारी राहावयास आला, तर त्या सायकलीची आठवण कायद्याने मुद्दाम पुसून टाकलेली असते.

सार्वजनिक आणि खासगी

सार्वजनिक दप्तरातील माहिती आणि व्यक्तीचे खासगीपण यांचा झगडा प्रथम ठळकपणे पुढे आला तो तामिळनाडूतच. ‘ऑटो शंकर’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या, मृत्युदंड झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ हे तमिळ साप्ताहिक छापणार होते. त्यात आपली नावे येतील म्हणून अधिकाऱ्यांनी ते थांबविण्याचा प्रयत्न केला. संपादक आर. राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयात न्यायालयाने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. प्रत्येक नागरिकाला आपले, आपल्या कुटुंबाचे, विवाहाचे खासगीपण जपण्याचा हक्क आहे. परंतु जी गोष्ट न्यायालयाच्या दप्तरासह सार्वजनिक दप्तराचा भाग झाली, तिच्यावर भाष्य करण्यास आडकाठी राहत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव मात्र या नियमाला अपवाद ठरले.

१९९४ मध्ये सार्वजनिक दप्तर म्हणजे कचेरीतील कपाटात बांधून ठेवलेला गठ्ठा होता. तो पाहण्यासाठी प्रवास करावा लागे, अर्ज करावा लागे, कारकुनाची वाट पाहावी लागे. या अडचणींतच व्यक्तीला एक प्रकारचे संरक्षण मिळत असे. संगणकाने ते नाहीसे केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले, तेव्हा साहजिकच नवा प्रश्न उभा राहिला. जो निर्दोष सुटला, त्याचे नाव निकालपत्रातून काढता येईल काय? मद्रास उच्च न्यायालयापुढे अशीच मागणी एका निर्दोष सुटलेल्या नागरिकाने केली. न्यायालयाने ३ ऑगस्ट २०२१ रोजी, सहानुभूती व्यक्त करूनही, कायद्याचा आधार नसल्यामुळे ती फेटाळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अपिलात ती मान्य केली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. न्यायाचा उघडेपणा आणि निरपराध्याची प्रतिष्ठा या दोन्ही मूल्यांना वजन आहे, म्हणूनच हा वाद इतका लांबला.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग अवलंबिले आहेत. अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगन कायद्या’नुसार लैंगिक अपराध्यांचे पत्ते शेजाऱ्यांना कळविण्याची व्यवस्था झाली. इंग्लंडने ते टाळून २००८ पासून वेगळा प्रयोग केला. मुलांच्या सहवासात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीविषयी पालकांनी पोलिसांना विचारावे आणि धोका असेल तरच पोलिसांनी, गुप्ततेच्या अटीवर, सांगावे. त्याच देशात १९७४ पासून अशीही तरतूद आहे की, ठरावीक काळ सन्मार्गाने राहिलेल्या माणसाची लहान शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते.

समजलेल्या गोष्टीचे काय करावे

माहिती मिळविणे कायदेशीर असले तरी ती पसरविणे नेहमीच कायदेशीर नसते. अब्रुनुकसानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली येतो. त्यातील पहिला अपवाद सत्य विधानाला संरक्षण देतो. पण केवळ सत्य असून भागत नाही, ते सांगणे लोकहिताचेही असावे लागते. न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला वेगळे संरक्षण आहे. तथापि, ‘अमक्यावर खटला झाला होता’ एवढेच सांगून ‘तो सुटला’ हे गाळणारा मनुष्य खरा वृत्तांत देत नाही.

पापनाशममधील त्या वृद्ध दांपत्याने या मार्गाने शोध घेतला, तर त्यांना तीनपैकी एक उत्तर मिळेल. काहीच न सापडल्यास कुजबुजीवर विश्वास ठेवण्यास आधार राहत नाही. मात्र मुलांची नेहमीची काळजी घेणे सोडण्याचेही कारण नाही. जुना, निर्दोष सुटकेचा किंवा किरकोळ दंडाचा खटला सापडल्यास गल्लीतील चर्चा थांबविण्याचे साधनच त्यांच्या हाती येते. निकाल वाचलेला एक मनुष्य दहा अफवा थांबवू शकतो. आणि गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी खरोखरच आढळली, विशेषतः ती मुलांवरील अत्याचाराची असली, तर घरातील मुलांचे रक्षण करणे, घरमालकाला पडताळणी करावयास सांगणे आणि प्रत्यक्ष धोका दिसताच पोलिसांना लेखी कळविणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. भिंतीवर फलक लावणे, जमाव जमविणे किंवा त्या इसमाला गाव सोडावयास भाग पाडणे हे मात्र त्यांच्या अधिकारात बसत नाही. ज्याने न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगली आहे, त्याला दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार गल्लीला नाही.

कावलकाराच्या काळी गावाला माणूस माहीत असे आणि कागद नसे. आज कागद सर्वांच्या हाती येऊ शकतो. पण ज्याच्याविषयी तो आहे तो मनुष्य अपरिचित असतो. ही उणीव दप्तर भरून काढू शकत नाही. त्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे, त्याचे आजचे वर्तन पाहणे आणि हाती आलेला निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे, एवढे कष्ट शोध घेणाऱ्याने स्वतःच केले पाहिजेत.